उसना खेळाडू

मराठी भाषेत कर्ज निराळे आणि उसने निराळे. कर्जाला कागद लागतो, तारण लागते, व्याज लागते. उसन्याला शेजार पुरतो. सकाळी वाटीभर साखर न्यावी आणि पगार झाला की वाटी भरून परत करावी, एवढाच तो व्यवहार. फुटबॉलच्या जगात मोठा संघ आपला होतकरू खेळाडू एखाद्या मोसमापुरता खालच्या श्रेणीतील संघाकडे धाडतो. त्याला इंग्रजीत लोन म्हणतात आणि आपली वर्तमानपत्रेही ‘लोनवर गेला’ असे बिनदिक्कत छापतात. या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधू गेले की अडचण होते. व्यवहार कर्जासारखा कागदोपत्री असतो, परंतु हातातून हातात जाते ती रक्कम नसून अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा असतो. आपल्यापैकी ज्या कुटुंबांची मुळे नगर-जालन्याकडच्या खेड्यांत आहेत, त्यांना आणखी एक शब्द ठाऊक असेल : अर्धली. कालवड किंवा शेळी ज्याच्यापाशी चारा आहे त्याच्या दावणीला द्यायची, त्याने ती वाढवायची आणि पुढे जे येईल ते दोघांनी वाटून घ्यायचे. मालकी एकाची, राबणूक दुसऱ्याची. उसन्या खेळाडूचा व्यवहार या शब्दांच्या मधे कोठेतरी उभा आहे. आणि ज्या संगणकखेळाविषयी येथे लिहावयाचे आहे, त्याची गंमत व त्याची उणीव दोन्ही या मधल्या जागेतच सापडतात.

‘फुटबॉल मॅनेजर’ हा तो खेळ. पिंपरी-चिंचवडच्या सदनिकांतून ज्या खिडक्यांत मध्यरात्रीपर्यंत उजेड दिसतो, त्यांमागची सगळीच मुले अभ्यास करीत असतात असा समज पालकांनी करून घेऊ नये. या खेळात चेंडूला लाथ मारावयाची नसते. खेळणारा येथे संघाचा व्यवस्थापक होतो. त्याने संघ निवडावयाचा, डावपेच ठरवावयाचे, खेळाडू विकत घ्यावयाचे, विकावयाचे, पगारांची तोंडमिळवणी करावयाची. सामना सुरू झाला की मात्र बाजूला उभे राहून पाहत बसावयाचे. पडद्यावर बहुतेक वेळ दिसतात ते तक्ते, आकडे आणि पत्रे. दुरून पाहणाऱ्याला मुलगा एखाद्या कारखान्याच्या लेखा विभागात ओव्हरटाइम करतो आहे असेच वाटेल.

या नावाचा पहिला खेळ केव्हिन टॉम्स या इंग्रज गृहस्थाने १९८२ मध्ये आणला. आजच्या खेळाची वंशावळ मात्र पॉल व ऑलिव्हर कॉलियर या दोन भावांच्या ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’पासून, म्हणजे १९९२ पासून, सुरू होते. पुढे प्रकाशकाशी फारकत झाली, जुने नाव तिकडेच राहिले आणि नोव्हेंबर २००४ मध्ये हा खेळ ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने पुन्हा जन्मला. तेव्हापासून तो दरवर्षी येत आला. २०२५ ची आवृत्ती तेवढी रद्द करावी लागली. त्यानंतरची नोव्हेंबर २०२५ मध्ये आली आणि तिच्यात प्रथमच महिलांच्या फुटबॉललाही जागा मिळाली.

साहित्याच्या त्रैमासिकात अशा खेळाची समीक्षा कशाला, असे काही वाचक विचारतील. माझे उत्तर असे की, हा खेळ गोष्ट सांगतो, आणि जे गोष्ट सांगते ते समीक्षेच्या कक्षेत येते. त्यातही उसन्या खेळाडूचे प्रकरण म्हणजे जुनी, आपल्या सर्वांच्या ओळखीची कथा आहे. घरातला मुलगा परगावी जातो. तेथे त्याचे काय होते ते पत्रांतून कळते. तो परततो तेव्हा दुसराच कोणी झालेला असतो. कादंबरीने ही कथा हजार वेळा सांगितली आहे. या खेळाने ती मुलाच्या बाजूने न सांगता, त्याला धाडणाऱ्याच्या बाजूने सांगितली, हे तिचे वेगळेपण.

प्रथम व्यवहार कसा होतो ते पाहू. आपल्या संघात सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा आहे. त्याचे कौशल्य, वेग, धीर, सहकार्य यांना वीसपैकी गुण दिलेले असतात. मुख्य संघात त्याला जागा नाही. राखीव संघात तो सडतो. अशा वेळी त्याला उसनवारीच्या यादीत घालावयाचे. मग खालच्या श्रेणीतील संघ विचारणा करतात. त्याच्या पगाराचा किती हिस्सा त्यांनी उचलावा, दरमहा काही रक्कम द्यावी काय, त्याला नियमित खेळवण्याचे वचन देतात काय, मधेच परत बोलावण्याचा हक्क आपल्याकडे राहील काय, मुदतीनंतर त्यांना तो विकत घेता येईल काय, मूळ संघाविरुद्ध त्याने मैदानात उतरावे काय, या साऱ्या अटी एकेक करून ठरतात. नंतर तो जातो. अधूनमधून अहवाल येतो : इतके सामने, इतके गोल, प्रगती समाधानकारक किंवा असमाधानकारक. वर्ष संपले की तो परत येतो आणि त्याच्या गुणांपुढे कोठे हिरवा तर कोठे लाल बाण उमटलेला असतो.

या मांडणीत एक शहाणपण आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तरुण माणूस कामाने तयार होतो, सरावाने फार तर त्याची पूर्वतयारी होते, हे तत्त्व खेळ अगदी ठामपणे शिकवतो. मोठ्या संघाच्या झगमगाटात बाकावर बसलेला मुलगा येथे वाढत नाही. चिखलाच्या मैदानावर, अनोळखी तिसऱ्या श्रेणीत, दर शनिवारी नव्वद मिनिटे घाम गाळणारा वाढतो. वस्तुस्थितीही फारशी निराळी नाही. डेव्हिड बेकहॅम १९९५ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून प्रेस्टन नॉर्थ एंड या खालच्या श्रेणीतील संघाला उसना दिला गेला होता. तेथे त्याने पाच सामन्यांत दोन गोल केले, त्यांतला एक थेट कोपऱ्यावरच्या फटक्यातून. हॅरी केन पुढे इंग्लंडचा कर्णधार झाला. पण त्याआधी लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच, लेस्टर अशी चार दारे त्याने पाहिली. ज्यांच्या घरात आयटीआय झालेला मुलगा आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कागदावरचा ट्रेड एक आणि यंत्रापाशी उभे राहून हाताला बसलेला ट्रेड दुसरा. आकुर्डी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत वर्ष-दोन वर्षे ॲप्रेंटिस म्हणून काढलेल्या पिढ्यांनी हे शहर उभे केले आहे.

ॲप्रेंटिसशी केलेली ही तुलना आणखी थोडी ताणून पाहावी. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याने शिकाऊ मुलाला प्रशिक्षण व विद्यावेतन मिळण्याची सोय केली; प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी दिलीच पाहिजे असे सरसकट बंधन मात्र मालकावर घातले नाही. करारात तसे लिहिले असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून वर्षाच्या अखेरीस घरात जी शांतता पसरते ती आपल्या परिचयाची आहे. ‘घेतील का?’ हा एकच प्रश्न त्या दिवसांत ताटावर बसलेला असतो. उसन्या खेळाडूच्या घरातही तोच प्रश्न असतो. फुटबॉल मॅनेजर या प्रश्नापर्यंत पोहोचत नाही, आणि माझ्या मते येथून त्याच्या मर्यादांना सुरुवात होते.

पहिली मर्यादा खेळाच्या मुळाशीच आहे. या खेळात प्रत्येक खेळाडूला दोन गुप्त आकडे असतात : आजची क्षमता आणि भविष्यात गाठता येईल अशी कमाल क्षमता, दोन्ही दोनशेपैकी. दुसरा आकडा डाव सुरू होतानाच ठरून गेलेला असतो. मुलाला कोठेही पाठवा, कितीही खेळवा, तो त्या रेषेपलीकडे जाणार नाही. उसनवारीने फार तर त्या रेषेपर्यंतचा रस्ता लवकर कापला जातो. एका अर्थी हे नियतीचे तत्त्वज्ञान आहे, आणि तेही आकड्यांत मांडलेले. खेळणाऱ्याला तो आकडा दिसत नाही, त्याचे हेर फक्त अंदाज सांगतात, यातून उत्कंठा निर्माण होते हे खरे. पण आकडा आहे आणि कोणीतरी तो आधीच लिहून ठेवला आहे, ही जाणीव सगळ्या कथेवर सावलीसारखी पडते. शिवाय तो लिहिणारी माणसेच असतात. जगभर पसरलेले हौशी संशोधक स्थानिक सामने पाहून हे आकडे भरतात. त्यांचे काम इतके तपशीलवार असते की २००८ मध्ये एव्हर्टन या इंग्लिश क्लबने ही माहिती प्रत्यक्ष खेळाडू शोधण्यासाठी वापरण्याचा करार केला होता. तरीही माणसाचे भाकीत ते माणसाचे भाकीत. चेर्नो साम्बा या मुलाला २००१-०२ च्या आवृत्तीने भावी महान खेळाडू ठरवले. जगभरच्या हजारो मुलांनी संगणकावर त्याला विश्वविजेता केले. प्रत्यक्षात तो मिलवॉलच्या मुख्य संघातही स्थिरावला नाही. पुढे स्पेन आणि इंग्लंडमध्ये लहान संघांतून फिरत राहिला. एका जिवंत माणसाला आपल्या काल्पनिक यशाची सावली अशी जन्मभर वागवावी लागणे, हा विषय खरे तर एखाद्या कथाकाराने हाती घ्यावा इतका मोठा आहे.

दुसरी मर्यादा मला अधिक खटकते. उसना गेलेला मुलगा नजरेआड होताच खेळाच्या मनातूनही जातो. तो नव्या गावात रमला नाही, त्याला घरची आठवण येते, अशी एखादी ओळ अहवालात कधी येते; नाही असे नाही. पण ती ओळ गुणतक्त्याच्या भाषेतच येते आणि तिच्यावरचा उपाय एकच : परत बोलवा अथवा बोलवू नका. त्याची खोली, त्याचे जेवण, भाषा न कळणाऱ्या सहकाऱ्यांत त्याने काढलेली संध्याकाळ यांतले काहीच नाही. हे सगळे चितारण्याची जबाबदारी खेळावर नाही, असा बचाव होऊ शकेल. परंतु स्नायूंच्या दुखापतीचा प्रकार ज्याला सांगता येतो, त्याला हेही सांगता आले असते. आकड्यात बसत नाही म्हणून ते गळाले. लुकास पियाझोन हा ब्राझीलचा तरुण २०१२ मध्ये चेल्सीत आला आणि २०२१ मध्ये तेथून गेला. त्या नऊ वर्षांत स्पेन, नेदरलँड्स, जर्मनी, इंग्लंड, इटली, पोर्तुगाल अशा देशांतील सात संघांना तो उसना दिला गेला. खेळाच्या पडद्यावर या चरित्राच्या सात ओळी होतील, एकाखाली एक, नीट रकान्यांत.

चेल्सीसारख्या श्रीमंत संघांनी एके काळी चाळीसच्या आसपास खेळाडू एकाच मोसमात बाहेर ठेवले होते. तेथे उसनवारी उरली नाही, तो साठेबाजीचा धंदा झाला. जागतिक महासंघाने, म्हणजे फिफाने, अखेर जुलै २०२२ पासून लगाम घातला. आंतरराष्ट्रीय उसनवारीवर प्रथम आठांची मर्यादा आली, ती पुढे सात आणि जुलै २०२४ पासून सहांवर आणली गेली. मुदत एका वर्षाहून अधिक नसावी, उसना घेतलेला खेळाडू पुढे तिसऱ्याला उसना देऊ नये, असे नियम झाले. एकवीस वर्षांपर्यंतच्या आणि क्लबने स्वतः घडवलेल्या खेळाडूंना मात्र या संख्येतून वगळले आहे. ही सूट मुलांच्या हिताची की संघांच्या, यावर दोन मते होऊ शकतात. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते.

आता आपल्या दारातले उदाहरण पाहू. देहूरोडजवळचे मामुर्डी आपल्यापैकी अनेकांना गहुंजेच्या क्रिकेट मैदानाकडे जाताना लागते. तेथे पुणे एफसी या संघाची निवासी प्रबोधिनी होती. २००७ मध्ये स्थापन झालेला हा संघ २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता आणि त्याचे सामने बालेवाडीला होत. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील आशिक कुरुणियन हा मुलगा किशोरवयात या प्रबोधिनीत आला. पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला. प्रबोधिनी पुढे इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटीकडे गेली आणि तिच्याबरोबर हा मुलगाही. २०१६ मध्ये पुणे सिटीने त्याला स्पेनमधील व्हिलारिआल क्लबच्या तिसऱ्या संघाकडे उसना पाठवले. तो संघ तेव्हा स्पॅनिश फुटबॉलच्या चौथ्या पातळीवर खेळत होता. व्हिलारिआल हे सुमारे पन्नास हजार वस्तीचे गाव फरशांच्या कारखान्यांवर जगते; क्लबचा अध्यक्षही फरशांचा कारखानदार, आणि २०१७ पासून तेथील स्टेडियमला नावसुद्धा त्या धंद्याचेच आहे. मलप्पुरमचा मुलगा एका औद्योगिक पट्ट्यातून निघून दुसऱ्या औद्योगिक पट्ट्यात जाऊन पोहोचला, असे म्हणता येईल. परत आल्यावर २०१७-१८ च्या मोसमात तो पुणे सिटीच्या मुख्य संघात खेळू लागला, त्या वर्षी संघाने उपान्त्य फेरी गाठली. २०१८ मध्ये त्याने भारताची जर्सी घातली आणि जानेवारी २०१९ मध्ये तो आशिया चषकात खेळला.

एवढे वाचून कोणीही म्हणेल की, संगणकाच्या खेळातल्यासारखेच झाले की! हिरवे बाण, सारे हिरवे बाण. पण पुढची ओळ वाचावी. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीच बंद झाला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादने घेतली. म्हणजे ज्याने मुलगा उसना दिला तो धनी राहिला नाही. मुलगा तेवढा राहिला आणि बंगळूरूला गेला. फुटबॉल मॅनेजरमध्ये संघ कर्जात बुडतो, त्याचे गुण कापले जातात, तो खालच्या श्रेणीत घसरतो. सहसा नाहीसा होत नाही. मूळ संघ म्हणजे अढळ घर, तेथून मुलगा निघतो आणि तेथेच परततो, हे त्या कथेचे गृहीतक आहे. इंग्लंडमधील शतकभर जुन्या क्लबांवरून ते घेतले, म्हणून तेथे शोभते. आपल्याकडे महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघ विसर्जित झाला. मुंबई एफसी २०१७ नंतर दिसला नाही. पुण्याने काही वर्षांतच एकाहून अधिक व्यावसायिक संघ गमावले. येथे उसना गेलेला मुलगा परतताना घराला कुलूप पाहतो.

खालच्या टोकाचीही तीच रड आहे. उसने द्यावयाचे तर घेणारा हवा. खाली संघ हवेत, त्यांचे नियमित सामने हवेत, शिडीला पायऱ्या हव्यात. सुपर लीगच्या पहिल्या वर्षांत तर गंगा उलटी वाहत होती. २०१४ ची पहिली स्पर्धा १२ ऑक्टोबरला सुरू होऊन २० डिसेंबरला संपली. त्या दहा आठवड्यांसाठी आय-लीगचे संघच आपले खेळाडू वर उसने देत आणि नंतर परत घेत. बढती-घसरणीचा धागा नव्हता. आय-लीगच्या विजेत्याला वर जाण्याचा मार्ग खुला झाला तो २०२३ मध्ये. ही पोकळी भरण्यासाठी महासंघाने २०१० मध्ये इंडियन ॲरोज हा तरुणांचा संघ काढला. त्याला पदावनती नव्हती. मुलांनी हरावे, पण खेळावे, असा हेतू. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत वाढला, २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतासाठी खेळला आणि नंतर याच ॲरोजमधून आय-लीगचे सामने खेळून २०१९ मध्ये जमशेदपूरला गेला. ॲरोज हा संघ २०१३ मध्ये मोडला, २०१७ मध्ये पुन्हा उभा केला आणि २०२२ मध्ये पुन्हा मोडला. माझ्या समजुतीने आपल्या फुटबॉलच्या अलीकडच्या इतिहासातील ही सर्वांत दुःखद नोंद आहे, कारण तिच्यामागे पैशाची उधळपट्टी नव्हती, निव्वळ चिकाटीचा अभाव होता.

जुन्या कंपनी-संघांची आठवण येथे होते. एअर इंडिया, महिंद्र, मफतलाल यांच्या काळात खेळाडूचा पाय गेला तरी हजेरीपटावरचे नाव अनेकदा राही. फुटबॉल संपल्यावर तो टेबलावर बसे आणि त्याची मुले त्या पगारावर शिकत. त्या व्यवस्थेने जागतिक दर्जाचे खेळाडू दिले नाहीत, हा आक्षेप खरा आहे. नव्या व्यवस्थेने दिले असते तर तो अधिक शोभला असता.

खेळाकडे परत येऊ. त्याची तिसरी मर्यादा सांगताना मला त्याचे एक सामर्थ्यही सांगावे लागेल, कारण दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. बहुतेक मुले मोठा संघ घेऊन खेळतात, म्हणजे उसने देणाऱ्याच्या खुर्चीत बसतात. तेथून खालचा संघ हा केवळ पाळणाघर वाटतो. परंतु खेळात कोणताही संघ निवडण्याची मुभा आहे. माझ्या भाच्याला मी मुद्दाम इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतील एक गरीब संघ घ्यावयास सांगितले. वरच्या संघांकडून त्याने चार मुले उसनी आणली. त्यांना खेळवण्याचे वचन दिले होते, तेव्हा स्वतःचा तिशी उलटलेला कर्णधार बाकावर बसवावा लागला. तो नाराज झाला आणि त्याच्यामागून आणखी दोघे. एका उसन्या आघाडीवाल्याने जानेवारीपर्यंत अकरा गोल केले आणि त्याच्या मूळ संघाने करारातील कलमाचा आधार घेऊन त्याला मधेच परत बोलावले. भाचा संतापला. आपण वाढवलेली कालवड ऐन दुभती झाल्यावर दावणीतून सोडून नेली, हे आमच्या आजोबांच्या भाषेतले वाक्य त्याला ठाऊक नव्हते. अर्थ मात्र त्याला त्या रात्री पुरता कळला. खेळाने हे दार उघडे ठेवले आहे, ही त्याची थोरवी. त्या दाराकडे कोणी वळावे यासाठी त्याने काहीच केलेले नाही. जाहिराती सगळ्या चषकांच्या.

आपल्याकडे सणाच्या निमित्ताने भरणाऱ्या सामन्यांत एखाद्या धर्मग्रामाचा संघ दुसरीकडचा चांगला खेळाडू दोन दिवसांपुरता मागून आणतो. त्यावरून वादही होतात आणि पंचांपुढे नावनोंदणीची वही उघडली जाते. तो मुलगा मात्र सामना झाल्यावर ज्यांच्याकडून खेळला त्यांच्याच पंगतीत जेवतो आणि रात्री कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आपल्या घरी पोहोचतो. मराठीत ज्याला उसने म्हणतात ते हेच. फुटबॉल मॅनेजरच्या अटींच्या लांबलचक यादीत, पगाराच्या हिश्श्यापासून परत बोलावण्याच्या कलमापर्यंत सारे काही आहे; परतल्यावर त्या मुलाला संघात जागा मिळेल काय, हे विचारण्याचा रकाना उसने घेणाऱ्यालाही नाही आणि त्या मुलालाही नाही. पुढच्या एखाद्या आवृत्तीत तो घालणे काही अवघड नसावे.